एक व्यवहार, दोन कोर्टे: मुंबईतील आर्थिक खटल्यांच्या वकिलीचा इतिहास

पैशाच्या व्यवहारावरून उठलेला वाद मुंबईत दोन वाटांनी कोर्टात जातो. एक वाट दिवाणी: दावा, कैफियत, मनाई हुकूम, हुकूमनामा आणि मग त्याची वर्षानुवर्षे चालणारी बजावणी. दुसरी फौजदारी: फिर्याद, अटक, जामीन, दोषारोपपत्र, शिक्षा किंवा सुटका. कागद तेच असतात, साक्षीदारही बहुधा तेच. पण पहिल्या वाटेवर पैसे कुणाचे एवढेच ठरवायचे असते आणि दुसऱ्या वाटेवर माणूस घरी जाणार की तुरुंगात, हे ठरते. एकाच अशिलाचे काम दोन्हीकडे सांभाळणारा वकील आज फोर्टातल्या कुठल्याही इमारतीत भेटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा वकील विरळा होता, कारण ही दोन कामे करणारी माणसे, त्यांची कोर्टे आणि त्यांची प्रतिष्ठा या साऱ्याच गोष्टी वेगळ्या होत्या.

पैशाच्या व्यवहारातून घडणाऱ्या गुन्ह्यांना मराठीत पांढरपेशा गुन्हे म्हणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली एका व्याख्यानात प्रतिष्ठित माणसांच्या धंद्यातील गुन्ह्यांसाठी एक नवा शब्दप्रयोग केला, त्याचे हे मराठी रूप. मराठीने त्यासाठी नवा शब्द घडवला नाही. लेखणीवर जगणाऱ्या, मातीत हात न घालणाऱ्या वर्गाला पांढरपेशे म्हणण्याची रीत आधीपासूनच होती. गुन्ह्याचे नाव या वर्गाच्या नावावरून पडले आणि ते चपखल बसले. कारण या गुन्ह्याचे हत्यार म्हणजे वही, सही आणि शिक्का.

इंग्रजी पद्धतीचे मेयर्स कोर्ट मुंबईत १७२६च्या सनदेने आले. १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट आले, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झाले. बेटाबाहेरच्या मुलखासाठी सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती होत्या. हे दोन्ही प्रवाह ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एकत्र आले. भारतीय दंड संहिता त्याच वर्षी, १ जानेवारीला, अमलात आली होती. म्हणजे ठकवणुकीचे कलम ४२०, गुन्हेगारी स्वरूपाच्या विश्वासघाताची ४०५ ते ४०९ ही कलमे, बनावट दस्तऐवजांची कलमे आणि ती लावली जातील ते उच्च न्यायालय, यांचे वय जवळजवळ सारखेच. चारशेवीस हा आकडा पुढे बोलीभाषेत विशेषण होऊन बसला. एवढे भाग्य दुसऱ्या कुठल्या कलमाच्या वाट्याला आले नाही.

एकत्र आल्यावरही उच्च न्यायालयाच्या आत एक भिंत राहिली. मुंबई शहरातील मोठे दावे मूळ शाखेत चालत. तिथे अशिलाला भेटणे, कागद गोळा करणे, पत्रव्यवहार करणे हे काम सॉलिसिटरचे. कोर्टात उभे राहून युक्तिवाद करणे हे बॅरिस्टरचे किंवा मूळ शाखेच्या अॅडव्होकेटचे. अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. सॉलिसिटरने बांधून दिलेली ब्रीफ त्याच्यापर्यंत जाई आणि मानधन मोहोरांत मोजले जाई, एक मोहोर म्हणजे पंधरा रुपये. जिल्ह्यांतून आलेली अपिले अपील शाखेत चालत आणि तिथे वकिलांचे राज्य होते. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्यांनी ती शाखा गाजवली. बदरुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७२ मध्ये विलायतेला न जाता परीक्षेच्या जोरावर मूळ शाखेत पाऊल ठेवले. फौजदारी काम मात्र या सगळ्यापासून दूर, पोलीस कोर्टांत, मॅजिस्ट्रेटसमोर. चोरी, मारामारी, दारू यांच्या गर्दीत एखादा पेढीवरचा मुनीम अफरातफरीच्या आरोपाखाली उभा केला जाई. त्याचा बचाव करणाऱ्या वकिलाला हिशेबाची वही उलगडून दाखवायला तिथे ना वेळ मिळे, ना ऐकणारा.

या रचनेची पहिली मोठी परीक्षा तीन वर्षांतच झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचा भाव गगनाला भिडला. आलेला पैसा बँका, रेक्लमेशन कंपन्या आणि वायद्याचे सौदे यांत ओतला गेला. बॅक बे रेक्लमेशनचा शेअर या वेडाची खूण होऊन बसला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे शेअरच्या तारणावर कर्जे देत होती. १८६५च्या वसंतात युद्ध संपले, कापूस घसरला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणी चुकती करायला कुणाजवळ पैसा उरला नाही. त्यानंतरच्या काळात कोर्टात दिवाळखोरीच्या अर्जांचा पूर आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली आणि तिच्या कारभाराची चौकशी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने केली.

या सगळ्या प्रकरणाचा भार मुख्यतः दिवाणी आणि दिवाळखोरीच्या कामावरच पडला. दंड संहितेतली कलमे होती, पण अख्खे शहर एकाच सट्ट्यात उतरलेले असताना अप्रामाणिक हेतू कुणाचा, हे वेगळे काढायचे कसे? हा प्रश्न तेव्हा मागे पडला आणि सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न तशाच शब्दांत पुन्हा कोर्टासमोर आला. आईचे नाव देण्याच्या इच्छेने प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कर्नल फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली उच्च न्यायालयाची इमारतही त्याच वर्षी पूर्ण झाली. सट्ट्याच्या पैशाचा टॉवर आणि त्या सट्ट्याची दिवाळखोरी निस्तरणारे न्यायालय आजही ओव्हल मैदानाच्या कडेला एकमेकांशेजारी उभे आहेत.

सरकारी अधिकाऱ्याच्या लाचखोरीचा एक गाजलेला प्रसंग १८८८चा. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर बढत्या-बदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला. मुंबईतल्या मंडईचे नाव ज्यांच्यावरून पडले तेच हे क्रॉफर्ड. पुण्यात न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे चौकशी झाली. लाचेचा आरोप आयोगाने मानला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्ड यांना नोकरी गमवावी लागली. वकिली दृष्टीने इथला खरा पेच साक्षीदारांचा होता. पैसे दिल्याची कबुली देणारा मामलेदार स्वतःच गुन्ह्यात अडकत होता. सरकारने त्यांना अभय दिले होते. मग ते पाळायचे की नाही यावरून वादळ उठले. टिळकांनी मामलेदारांची बाजू उचलून धरली आणि शेवटी १८८९ मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. लाच देणाऱ्याच्या साक्षीवर घेणाऱ्याला शिक्षा करायची तर देणाऱ्याचे काय, हा प्रश्न भ्रष्टाचाराच्या प्रत्येक खटल्यात बचावाचा वकील आजही पहिल्यांदा विचारतो.

दिवाणी आणि फौजदारी या दोन वाटा एकमेकींत कशा गुंतत जातात याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. राजकारणाच्या इतिहासात ते टिळकांच्या छळाची कथा म्हणून येते. वकिलीच्या इतिहासात त्याची जागा वेगळी आणि तितकीच मोलाची आहे. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्तांपैकी एक नेमले होते. वंश चालवण्यासाठी दत्तक घेणे भाग होते. जून १९०१ मध्ये औरंगाबादेत बाबामहाराजांची विधवा ताईमहाराज यांनी जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतले, असे टिळकांचे आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासह इतरांचे म्हणणे. थोड्याच दिवसांत ताईमहाराजांनी ते दत्तविधान नाकारले, कोल्हापूरच्या मुलाला दत्तक घेण्याचे ठरवले आणि विश्वस्तांना मिळालेले, मृत्युपत्र खरे ठरवणारे प्रोबेट रद्द करावे असा अर्ज जिल्हा न्यायालयात केला.

इथवर हे सरळ दिवाणी काम होते. जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट तर रद्द केलेच, वर टिळकांवर खोटी साक्ष, खोटा पुरावा तयार करणे, बनावट दस्तऐवज अशा आरोपांखाली फौजदारी कारवाईसाठी प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठवले. एका दत्तकाच्या वादातून विश्वस्ताच्या डोक्यावर तुरुंगवासाची टांगती तलवार आली. १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टाने शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी ती पूर्ण रद्द केली. फौजदारी वाट इथे संपली. दिवाणी वाट चालूच होती: १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने दत्तक खरे मानले, १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा टिळकांच्या बाजूने कौल दिला. तोवर अर्जाला चौदा वर्षे झाली होती आणि मधली सहा वर्षे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

प्रिव्ही कौन्सिलच्या त्या निकालातला एक भाग वकिलांच्या रोजच्या कामात मुरला आहे. साक्षीदाराचे म्हणणे एखाद्या कागदाच्या आधारे खोटे ठरवायचे असेल, तर तो कागद आधी उलटतपासात त्याच्यासमोर ठेवला पाहिजे, त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे. त्याच्या पाठीमागे कागद काढून त्याला लबाड म्हणता येणार नाही. आर्थिक खटल्यात शेकडो कागद असतात आणि प्रत्येक कागद कुणातरी साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध करायचा असतो. त्यामुळे कोणता कागद कुणासमोर, कोणत्या क्षणी ठेवायचा, हीच उलटतपासाची कला होऊन बसते. पुण्यात स्वतः कायद्याचा वर्ग चालवलेल्या टिळकांच्या नावाचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्याला राजद्रोहाइतकाच या तत्त्वासाठीही अभ्यासावा लागतो.

वह्यांचे महत्त्व कायद्यानेही हळूहळू मान्य केले. १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ३४ने धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद ग्राह्य धरली, पण एका वाक्याची अट घातली: नुसत्या नोंदीवर कुणावर देणे लादता येणार नाही. या अटीवर आजवर किती माणसे सुटली असतील याची कल्पना करण्यासाठी जुन्या पेढीची वही डोळ्यांसमोर आणावी लागते. लाल कापडाची, लांबट, मध्ये शिवलेली. डाव्या बाजूला जमा, उजवीकडे नावे. दिवसाचा व्यवहार आधी रोजमेळात, मग खतावणीत खात्याखात्यावर. पाने शिवलेली असल्यामुळे मधले पान काढले तर शिवणीच्या दुसऱ्या बाजूचे पानही सुटे होते. शाई एकसारखी आहे का, ओळींमधली जागा नंतर भरली आहे का, रोजमेळातली रक्कम खतावणीत त्याच तारखेला गेली आहे का, एवढे पाहिले की वही बोलू लागते. जुन्या वकिलांच्या पदरी अशी वही वाचणारा कारकून असे आणि त्याचा शब्द वकिलाइतकाच मानला जाई. १८९१ मध्ये बँकांच्या वह्यांच्या प्रमाणित नकलांना पुराव्यात जागा मिळाली आणि १८९५ मध्ये खोटे हिशेब लिहिण्यासाठी दंड संहितेत ४७७-अ हे स्वतंत्र कलम आले. सव्वाशे वर्षांनंतरही कलम ३४ची अट तशीच धारदार होती. जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की सुट्या कागदांना वही म्हणता येत नाही आणि जे बाड वही ठरते त्यातली नोंदही एकटी पुरत नाही. देशातल्या बड्या राजकारण्यांवरचे खटले त्या एका अटीवर कोसळले.

दुसऱ्या महायुद्धाने फौजदारी वकिलीला नवे अशील दिले. युद्धखात्याच्या खरेदीतली लाचखोरी शोधण्यासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस दल उभे राहिले आणि त्यातूनच पुढे १९६३ मध्ये सीबीआय झाली. १९४७ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि परकीय चलन नियमन कायदा एकाच वर्षी आले. परमिट, कोटा, आयात परवाना या शब्दांचा काळ सुरू झाला आणि व्यापाऱ्याच्या टेबलावर दिवाणी दाव्याच्या समन्सशेजारी कस्टम्सची नोटीस येऊन पडू लागली.

या काळातला एक छोटा खटला फार दूरवर पोहोचला. नोव्हेंबर १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाजवळ १०७.२ तोळे सोने सापडले. कस्टम्सने ते जप्त केले आणि सोडवायचे तर बारा हजार रुपये भरा असा पर्याय दिला. नंतर त्याच सोन्यासाठी चलन कायद्याखाली प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटसमोर खटलाही भरला गेला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा करायची नाही, असे नव्याने लिहिलेल्या राज्यघटनेचे कलम २० सांगत होते. मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ठरवले की कस्टम्सचा अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, जप्ती म्हणजे त्या अर्थाने शिक्षा नव्हे, म्हणून खटला चालेल. पुढच्या प्रत्येक आर्थिक कायद्यात दंड, जप्ती आणि तुरुंग या तीन गोष्टी एकाच व्यवहाराला एकाच वेळी लागू शकतात, त्याचा पाया इथे घातला गेला. बचाव करणाऱ्या वकिलाला एका कागदावरून तीन ठिकाणी लढावे लागते ते तेव्हापासून.

याहून जड ठरला तो जबाबाचा नियम. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण कस्टम्सचा अधिकारी पोलीस नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात ठरवले. त्यामुळे त्याच्यासमोर रात्री-बेरात्री सही केलेला जबाब थेट आरोपीविरुद्ध वापरता येऊ लागला. चौकशीच्या खोलीत वकिलाला बसण्याचा हक्कही नाही, हे १९९२च्या पूलपांडी निकालाने स्पष्ट केले. बचावाचे पहिले आणि सर्वांत तातडीचे काम यातूनच ठरले: अशिलाला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करताच जबाब मागे घेतल्याचा अर्ज द्यायचा, मारहाण किंवा धमकी झाली असेल तर ती त्याच दिवशी रोजनाम्यात उतरवून घ्यायची. चार दिवस उशीर झाला की पश्चातबुद्धी असा शेरा बसतो आणि तो अखेरपर्यंत पुसत नाही. किल्ला कोर्टात संध्याकाळी सहानंतर हाताने अर्ज लिहिणारा ज्युनिअर हे दृश्य या नियमाने निर्माण केले.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या वकिलांनी या क्षेत्रात मोठी जागा व्यापली. राम जेठमलानी त्यांतले सर्वांत ठळक. साठ आणि सत्तरच्या दशकांत सोन्याच्या तस्करीतल्या आरोपींची वकीलपत्रे घेतल्याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती टीका वकिलीच्या धर्माकडे दुर्लक्ष करणारी होती, कारण लोकांना नकोशा वाटणाऱ्या आरोपीसाठी उभे राहणारा कुणी नसेल तर जबाब, जप्ती आणि अटक यांच्या मर्यादा कोर्टाकडून कधी तपासल्याच जाणार नाहीत. त्याच्या थोडे आधी मुंबईच्या न्यायव्यवस्थेची दुसरी बाजूही देशाने पाहिली होती. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतले, त्याची चौकशी मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी १९५८ च्या सुरुवातीला मुंबईत जाहीरपणे केली आणि महिन्याभराच्या आत अहवाल दिला. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. उघड्या दारांनी आणि इतक्या वेगाने झालेली आर्थिक चौकशी त्यानंतर क्वचितच दिसली.

सत्तरच्या दशकात व्यवसायाचे नियमही बदलले. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अटकपूर्व जामीन आणला. पैसेवाल्या अशिलासाठी वकिलाचे काम अटकेनंतर सुरू व्हायचे, ते आता अटकेच्या भीतीपासून सुरू झाले. १९७७च्या आरंभी मूळ शाखेतली सॉलिसिटर आणि अॅडव्होकेट ही कायदेशीर विभागणी संपली. सॉलिसिटरांची परीक्षा आणि त्यांच्या फर्म राहिल्या, पण भिंत पडली. एरवी कंपन्यांचे दावे पाहणाऱ्या फर्मच्या फाइलीत फौजदारी कागद शिरू लागले आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात वाढलेल्या फौजदारी वकिलाला ताळेबंद वाचावा लागला.

या दोन धारा पूर्णपणे एक झाल्या त्या १९९२ मध्ये. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांच्या बातमीने रोखे घोटाळा उघड झाला. त्यातली युक्ती समजायला अवघड नाही. एक बँक दुसरीला सरकारी रोखे विके आणि पंधरा दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घेण्याचे वचन देई. म्हणजे खरे तर रोख्यांच्या तारणावर अल्पमुदतीचे कर्ज. रोखे प्रत्यक्ष हलवण्याऐवजी विकणारी बँक एक पावती देई: रोखे आमच्याकडे आहेत, मागाल तेव्हा देऊ. या बँक रिसीटच्या मागे रोखे नसले तर तो कोरा कागदच. अशा कोऱ्या पावत्या देण्यात जी नावे पुढे आली त्यात सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड होती. ती बुडाली आणि पुढे बँक ऑफ इंडियात विलीन झाली. बँकेच्या नावाने काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा होई आणि तिथून पैसा शेअर बाजारात. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने अडकलेली रक्कम सुमारे चार हजार कोटी रुपये सांगितली.

सरकारने जूनमध्ये अध्यादेश काढून उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींचे विशेष न्यायालय नेमले. एकदा नाव अधिसूचित झाले की त्या माणसाची सगळी मालमत्ता त्याच क्षणी जप्त होऊन कस्टोडियनकडे जाई. १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन या व्यवहारांतले दिवाणी दावेही त्याच न्यायालयाकडे आले. एकाच न्यायमूर्तीसमोर सकाळी आरोपीचा उलटतपास आणि दुपारी त्याच आरोपीच्या शेअरवर बँकांचा आणि आयकर खात्याचा हक्क किती, याचा वाद. देशातील कायद्याच्या इतिहासात इतका थेट संगम दुसरीकडे कुठे सापडणे कठीण. इथल्या वकिलाला दोन्ही विद्या अवगत असणे ही चैन उरली नाही. एका बाजूला केलेले विधान दुसऱ्या बाजूला आपल्याच अशिलावर उलटू शकत होते. घोटाळ्यातले मुख्य आरोपी, शेअर दलाल हर्षद मेहता यांच्या वकिलांनी मांडलेला मुख्य मुद्दा १८६५चाच होता: बँकेचा चेक दलालाच्या खात्यात भरण्याची बाजाराची रीतच होती, सर्वांना माहीत होती, मग अप्रामाणिक हेतू कुठे? मारुती उद्योगच्या ३८.९७ कोटींच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १९९९ मध्ये तो नाकारून शिक्षा दिली. डिसेंबर २००१ मध्ये मेहता यांचा कोठडीत असताना मृत्यू झाला. इतर आरोपींच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये बहुमताने दोषसिद्धी कायम ठेवली, पण तिघांपैकी एका न्यायमूर्तींना बचावाचे म्हणणे पटले होते. बाजाराची रीत कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो याबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही एकमत झाले नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

पुढच्या तीन दशकांत फौजदारी कायदा दिवाणी व्यवहारात खोलवर शिरला. त्याआधीच, १ एप्रिल १९८९ पासून, चेक न वटणे हा कलम १३८खाली गुन्हा झाला होता आणि साधी वसुली मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसली होती. १९९९ मध्ये महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. एमपीआयडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने बुडव्या संस्थेची आणि तिच्या संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची सोय केली. मध्यमवर्गीय निवृत्तांची पुंजी गिळणाऱ्या फिरत्या योजनांपुढे दिवाणी दावा किती तोकडा पडतो हे पाहिले, की या कायद्याची गरज पटते. १ जुलै २००५ पासून अमलात आलेल्या काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या पीएमएलए कायद्याने तर जामिनाचे गणितच उलटे केले: आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, याचे समाधान झाल्याशिवाय न्यायालयाने जामीन द्यायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द केली, संसदेने २०१८ मध्ये दुरुस्तीने परत आणली आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अटकेची कारणे आरोपीला लेखी दिली पाहिजेत असे सांगून बचावाला थोडी जागा दिली.

उलट दिशेचा ओढाही न्यायालयांनी ओळखला. वसुलीसाठी फिर्याद करून धाक दाखवायचा आणि पैसे मिळाले की मागे घ्यायची, ही चाल पुरातन. माधवराव शिंदे विरुद्ध संभाजीराव आंग्रे या १९८८च्या निकालात न्यासाच्या मुंबईतील मालमत्तेवरून भरलेली फिर्याद मुळात दिवाणी स्वरूपाची आहे असे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ती काही आरोपींपुरती रद्द केली. करार मोडणे म्हणजे ठकवणूक नव्हे; पहिल्या दिवसापासून फसवण्याचा हेतू असेल तरच ती ठकवणूक, हे सूत्र पुढे पक्के झाले. फिर्याद रद्द करून घेण्याचे अर्ज हा त्यामुळे उच्च न्यायालयातील आर्थिक बचावाचा स्वतंत्र विभागच बनला.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. ठकवणुकीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झाले आहे. हिशेबाच्या वहीची अट नव्या पुरावा कायद्याच्या कलम २८ मध्ये जशीच्या तशी आली आहे. वही मात्र आता सर्व्हरवर असते. तिच्या नकलेसोबत कलम ६३चे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरातून काढलेला आकड्यांचा ठसा, लिहावा लागतो. एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो. शिवणीच्या दुसऱ्या बाजूचे पान सुटले आहे का हे बोटांनी चाचपणाऱ्या कारकुनाच्या जागी आता संगणक तज्ज्ञ बसतो आणि वकील उलटतपासात त्याला विचारतो की हा ठसा कोणत्या तारखेला, कुणासमोर, कोणत्या यंत्रावर घेतला.